टूर्नामेंट पोकरवर घर चालवायचंय? पहिल्या वहीपासून थांबण्याच्या तारखेपर्यंत

"दादा, नोकरी सोडू का?" असं विचारायला येणारी मुलं सोबत एक फोटो घेऊन येतात. पुढ्यात चिप्सचा ढीग आणि चेहऱ्यावर पहाटे चारचं हसू. मी फोटो बघतो, मनापासून अभिनंदन करतो आणि वही मागतो. वही कुणाकडेच नसते. मी पुण्यातली नोकरी सोडून तीन वर्षं पूर्णवेळ लाइव्ह, म्हणजे समोरासमोर टेबलवर बसून, टूर्नामेंट खेळलो. त्या तीन वर्षांत पत्त्यांपेक्षा हिशोबाने मला जास्त शिकवलं. म्हणून हा लेख कोणते पत्ते खेळावेत यापासून सुरू होत नाही.

पहिली पायरी: वही

नोकरी चालू असतानाच सुरुवात करा. एक साधी वही किंवा एक्सेलची शीट पुरे. प्रत्येक टूर्नामेंटमागे एक ओळ लिहायची: तारीख, ठिकाण, बाय-इन (खेळात उतरायला भरलेली एकूण रक्कम), त्यातली किती रक्कम बक्षिसाच्या पॉटमध्ये जाते आणि किती फी-करात, एकूण एंट्री किती, तुम्ही कितवे आलात, हातात किती आले, त्यातून टीडीएस किती कापला, किती तास खेळलात. बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून री-एंट्री केली तर ती स्वतंत्र ओळ. इथेच बहुतेक जण स्वतःची फसवणूक करतात. तीन वेळा एंट्री घेऊन चाळीस हजार जिंकले की लक्षात चाळीस हजार राहतात.

प्रवास, हॉटेल आणि जेवण दुसऱ्या पानावर. पुणे-पणजी बसचं तिकीटसुद्धा लिहायचं.

एंट्रीवर एकूण किती टक्के सुटले, त्याला आरओआय म्हणतात. पंधरा लाखांच्या एंट्री भरून अठरा लाख परत आले तर आरओआय २० टक्के. लाइव्ह खेळात दीर्घकाळ २० टक्के टिकवणारा खेळाडू चांगला समजावा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

दुसरी पायरी: दुष्काळ किती लांब असतो ते आधीच मोजा

टूर्नामेंटमध्ये साधारण वरच्या १५ टक्के लोकांना पैसे मिळतात आणि त्यातलाही मोठा वाटा फायनल टेबलवर, म्हणजे शेवटी उरलेल्या मोजक्या खेळाडूंकडे जातो. समजा तुम्ही बरोबर १५ टक्के वेळा पैशांत येता. सलग वीस टूर्नामेंटमध्ये एकदाही पैसे न मिळण्याची शक्यता मग ०.८५चा विसावा घात, म्हणजे जवळपास ४ टक्के. ऐकायला कमी वाटतं. पण वर्षाला शंभर टूर्नामेंट खेळलात तर त्या वर्षात कुठेतरी असा वीसचा कोरडा पट्टा येण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जाते. माझ्या दुसऱ्या वर्षी सलग २३ कोरड्या गेल्या. मी वाईट खेळत होतो का? वही पुन्हा पुन्हा चाळली, महत्त्वाचे हँड, म्हणजे एकेक डाव, तपासले. काही चुका होत्या, पण तेवीसला पुरतील इतक्या नव्हत्या.

दुसरं उदाहरण. तुम्ही दर वेळी ८० टक्के पुढे असताना सगळ्या चिप्स लावून ऑल-इन जाता, म्हणजे जवळपास एक्क्यांची जोडी विरुद्ध राजांची जोडी. अशी पाच ऑल-इन सलग वाचण्याची शक्यता ३३ टक्के. एवढं सुरेख खेळूनही तीनातल्या दोन वेळा तुम्ही त्या पाचांत कुठेतरी चिप्स गमावणार.

म्हणून शंभर टूर्नामेंटच्या निकालावरून स्वतःविषयी काहीही ठरवू नका, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. काही शे लोकांच्या मैदानात एका टूर्नामेंटच्या निकालाची चढउतार साधारण चार बाय-इन धरली, तर शंभर टूर्नामेंटनंतरही तुमच्या आरओआयच्या आकड्यात ४० टक्क्यांचा इकडे-तिकडे धुरळा असतो. खरोखर २० टक्के सरस असलेल्या खेळाडूंपैकीही जवळपास तीनातला एक जण शंभरनंतर तोट्यात दिसतो. हजार टूर्नामेंटनंतर हा धुरळा १३ टक्क्यांवर येतो. लाइव्ह खेळणाऱ्याला हजार टूर्नामेंट म्हणजे आठ-दहा वर्षं.

तिसरी पायरी: खेळायचं कुठे

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. घरी बसून ऑनलाइन, एका वेळी सहा टेबलं, महिन्यात तीनशे टूर्नामेंट. वर सांगितलेला धुरळा वर्षभरात खाली बसायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई झाली. शिक्षा असे खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. पण देशातल्या साइट्सनी पैशांची टेबलं लगेच बंद केली. परदेशी साइटवर आडवाटेने पैसे पाठवून खेळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही.

हे जगात पहिल्यांदा घडलेलं नाही. २००३ मध्ये टेनेसीतला ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ऑनलाइन सॅटेलाइट (जिचं बक्षीस मोठ्या स्पर्धेतला प्रवेश असतो अशी छोटी स्पर्धा) जिंकून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर घराघरातून ऑनलाइन पोकरचं पीक आलं. मग १५ एप्रिल २०११ला अमेरिकी सरकारने मोठ्या साइट्सवर कारवाई केली. खेळाडू त्या दिवसाला ब्लॅक फ्रायडे म्हणतात. फुल टिल्ट या साइटवर ज्या अमेरिकी खेळाडूंचे पैसे होते त्यांना ते परत मिळायला २०१४ उजाडलं. अनेक अमेरिकी व्यावसायिकांनी घरदार उचलून मेक्सिको आणि कॅनडा गाठलं. आपली सगळी पुंजी खेळ चालवणाऱ्याच्या खात्यात कधीच ठेवायची नाही, हा धडा तेव्हापासूनचा.

आज भारतात राहणाऱ्याला मुख्यतः गोवा उरतो. तिथे १९७६च्या जुगारविषयक कायद्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांमुळे मांडवीतल्या जहाजांवर कॅसिनो कायदेशीर आहेत आणि पोकरच्या मोठ्या मालिका तिथेच भरतात. प्रवेशाचं वय २१. आणि गोव्याच्या वाचकांसाठी महत्त्वाचं: १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश बंद आहे. पणजीत राहणारा मुलगा समोर दिसणाऱ्या जहाजावर खेळायला जाऊ शकत नाही, पुण्याचा जाऊ शकतो.

महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदी कायदा लागू आहे. त्यात कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसतो की नाही यावर देशातल्या न्यायालयांचं एकमत नाही. फ्लॅटमधल्या खाजगी टेबलांवर करिअर उभं राहत नाही. तिथे पावती नसते, टीडीएस नसतो आणि भांडण झालं तर पंच नसतो.

चौथी पायरी: कर (ही पायरी वगळून कुणी पुढे जाऊ नये)

आता २० टक्के आरओआयकडे परत येऊ. वर्षाला १०० टूर्नामेंट, सरासरी बाय-इन १५,०००. एंट्री १५ लाख, परत आले १८ लाख. नफा तीन लाख वाटतो.

१९६१च्या आयकर कायद्यात कलम ११५बीबी होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिलं. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकण्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. त्यातून खर्च वजा होत नाही. हरलेल्या एंट्रीही वजा होत नाहीत. इतर उत्पन्नासारखी करमुक्त मर्यादा या रकमेला मिळत नाही.

१८ लाखांवर ३१.२ टक्के म्हणजे ५ लाख ६१ हजार ६००. तीन लाखांचा नफा आता २ लाख ६१ हजारांचा तोटा झाला. ज्या पंधरा वेळा पैसे मिळाले, त्या वेळची स्वतःची एंट्री तरी वजा होते असं धरलं, तरी कर ४ लाख ९१ हजार होतो आणि तोटा १ लाख ९१ हजार. बसचं तिकीट अजून धरलेलंच नाही.

उलट बाजूने मांडू. या करात फक्त बरोबरी साधायला किती आरओआय लागेल? १ भागिले ०.६८८, म्हणजे १.४५. एंट्रीवर ४५ टक्के सुटले तर तुम्ही शून्यावर. एंट्री वजा धरून हिशोब केला तर ३८-३९ टक्के. वर मी २० टक्केवाल्याला चांगला खेळाडू म्हटलं होतं.

यात बाय-इनवरचा जीएसटीही आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०. म्हणूनच पहिल्या पायरीत पॉटमध्ये किती जातं, तो रकाना ठेवायला सांगितलं. काउंटरवर विचारा, लाजू नका.

काही खेळाडू हे आपलं व्यवसायाचं उत्पन्न आहे असं म्हणून खर्च वजा करून घेऊ पाहतात. हा मार्ग वादाचा आहे. तो धरायचा असेल तर अशी प्रकरणं हाताळलेल्या सीएकडून लेखी मत घ्या आणि नोटीस येईल हे गृहीत धरून पैसे बाजूला ठेवा.

देशादेशांत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जिंकण्यावर आयकर नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसासाठी वरचं सगळं गणित वेगळं होतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना हरलेली रक्कम जिंकलेल्यातून वजा करता येते, पण २०२६ पासून हरलेल्याच्या ९० टक्क्यांपर्यंतच. भारतातून जाऊन लास व्हेगासला जिंकणाऱ्याचे ३० टक्के तिथेच कापले जातात. त्याचं श्रेय भारतात विवरणपत्र भरताना मागता येतं, कागद जपून ठेवलेत तर. परदेशी पैसे नेण्याआधीही सीएला विचारा, कारण लॉटरी, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी परकीय चलन पाठवायला फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांत मनाई आहे.

म्हणून भारतात राहून फक्त बक्षिसांवर घर चालवा, असं मी आज कुणालाही सांगत नाही. शिकवणं, सामन्यांचं समालोचन, कार्डरूममधलं काम, हाताशी ठेवलेली अर्धवेळ नोकरी यातलं काहीतरी सोबत हवंच. मी दोन संध्याकाळी शिकवत होतो. त्या पैशांतून भाडं निघायचं, आणि भाडं निघालेलं असलं की टेबलवर हात थरथरत नाही.

पाचवी पायरी: अभ्यास

इतकं वाचूनही पुढे जायचं असेल तर अभ्यासाला लागा. आठवड्याला खेळण्याइतकेच तास अभ्यासाला द्या. लाइव्ह खेळाडूला तासाला जेमतेम पंचवीस-तीस हँड मिळतात, त्यामुळे निव्वळ खेळून शिकायला आयुष्य पुरत नाही. पायोसॉल्व्हर, जीटीओ विझार्ड, आयसीएमायझर ही सॉफ्टवेअरची साधनं घरी बसून वापरायची. ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी आळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड; स्टॅक म्हणजे तुमच्या पुढ्यातल्या चिप्स; फ्लॉप म्हणजे टेबलवर उघडणारे पहिले तीन पत्ते. आधी ४० बिग ब्लाइंडपासून १० बिग ब्लाइंडपर्यंतच्या स्टॅकने फ्लॉपच्या आधी काय करायचं ते पाठ करा. टूर्नामेंटमधला बहुतेक पैसा याच पट्ट्यात हलतो.

पण या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की ती कळली नाही तर बाकीचा अभ्यास वाया: टूर्नामेंटमध्ये चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. कागद-पेन घ्या आणि सोबत करा.

तिघे उरलेत. बक्षिसं ५०,०००, ३०,००० आणि २०,०००. चिप्स: अमेय ५ लाख, बेला ३ लाख, चेतन २ लाख. पहिलं येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची. पहिला बाजूला काढून उरलेल्यांत दुसऱ्यासाठी तेच करायचं. या रीतीला आयसीएम म्हणतात. हिशोब केला की अमेयच्या चिप्सची किंमत ३८,३९३ रुपये येते, बेलाची ३२,७५०, चेतनची २८,८५७. अमेयकडे निम्म्या चिप्स आहेत, पण पैशांचा वाटा ३८ टक्केच. चेतनकडे २० टक्के चिप्स, वाटा जवळपास २९ टक्के.

आता अमेय ऑल-इन म्हणतो आणि बेलाला कॉल करायचा, म्हणजे आपल्याही सगळ्या चिप्स लावायच्या, की नाही ते ठरवायचं आहे. ब्लाइंड सोडून देऊ. जिंकली तर तिच्याकडे ६ लाख चिप्स, किंमत ४१,०००. हरली तर तिसरी, २०,०००. फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकले, तर ३२,७५० आहेतच. किती टक्के वेळा जिंकली तर कॉल परवडेल? १२,७५० भागिले २१,०००, म्हणजे ६०.७ टक्के. चिप्सच्या हिशोबात ५० टक्के पुरले असते. म्हणजे नाणेफेकीसारखा हँड, समोर लहान जोडी आणि हातात एक्का-राजा, इथे फोल्ड करायचा असतो. माझ्या शिकवणीत हे कळल्यावर मुलं गप्प होतात, कारण प्रत्येकाला स्वतःचा एखादा फायनल टेबल आठवतो.

आणि चेतन? अमेय-बेला नाणेफेकीवर भिडले तर त्याची किंमत सरासरीने २८,८५७ वरून ३१,७५० होते. त्याने पत्त्यांना हातही लावलेला नाही. बेलाचे २,२५० आणि अमेयचे ६४३ रुपये त्याच्या खिशात गेले. बबलवर, म्हणजे पैसे मिळायला एक-दोन जण उरलेले असताना, सगळं टेबल याच कारणाने सावध होतं. मोठ्या स्टॅकवाल्याने त्या सावधपणाचा फायदा घ्यायचा, मधल्या स्टॅकवाल्याने मोठ्याशी टक्कर टाळायची.

सहावी पायरी: बँकरोल (खेळाची पुंजी) आणि भागीदार

खेळाचे पैसे आणि घराचे पैसे वेगवेगळ्या बँकखात्यांत. घराच्या खात्यात बारा महिन्यांचा खर्च असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. खेळाच्या खात्यात सरासरी बाय-इनच्या किमान शंभरपट. हजारो लोकांची मैदानं खेळणार असाल तर दोनशेपट. १५,०००च्या खेळाडूला म्हणजे १५ लाख. पुंजी तिसऱ्या हिश्श्याने घटली की बाय-इन खाली आणायचा, त्याच दिवशी. मी हे एकदा महिनाभर पुढे ढकललं आणि त्या महिन्याची किंमत पुढचे सात महिने फेडली.

मोठ्या स्पर्धेसाठी हिस्से विकणं ही या धंद्यातली रीतसर पद्धत आहे. एक लाखाच्या बाय-इनचे ५० टक्के विकले तर अर्धा खर्च दुसऱ्याचा, अर्धं बक्षीसही त्याचं. नावाजलेला खेळाडू वर मार्कअप घेतो, १.२ मार्कअप म्हणजे १० टक्के हिश्श्याचे १२,००० रुपये. नवख्याने मार्कअप मागू नये. पूर्ण बॅकिंग घेतलंत, म्हणजे सगळे पैसे दुसऱ्याचे, तर मेकअप हा शब्द करारात नीट वाचा: आधीचा साचलेला तोटा भरून निघेपर्यंत नफ्यात तुमचा वाटा नाही. चार लाखांच्या मेकअपमध्ये असताना तीन लाख जिंकले तर तुमच्या हाती शून्य. शिवाय कर तुमच्या नावावर कापला जातो, तेव्हा वाटणी कराच्या आधीची की नंतरची हे लिहून घ्या. मित्र असला तरी लिहा, मित्र असला तर नक्कीच.

सातवी पायरी: टेबलवरचा दिवस

स्ट्रक्चर वाचून टूर्नामेंट निवडा. ३०,००० चिप्स आणि १००-२०० ब्लाइंड म्हणजे १५० बिग ब्लाइंड, ऐकायला छान. पण लेव्हल, म्हणजे ब्लाइंड वाढण्याआधीचा टप्पा, पंधरा मिनिटांची असेल तर दोन तासांत तो स्टॅक वितळतो. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत, बाय-इन १०,००० डॉलर, ६०,००० चिप्स आणि दोन-दोन तासांच्या लेव्हल असतात. म्हणूनच ती कित्येक दिवस चालते. २०२४ मध्ये तिथे १०,११२ एंट्री होत्या. तेवढं एकदम झेपत नसेल तर लहान स्पर्धा बघा. निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी २०१७ मध्ये, आणि निकिता लूथरने तिच्या जोडीदारासह २०१८ मध्ये ब्रेसलेट (वर्ल्ड सिरीजच्या विजेत्याचं कडं) जिंकलं ते १,००० डॉलरच्या टॅग टीम, म्हणजे जोडीदारांनी आळीपाळीने खेळायच्या स्पर्धेत.

बारीक गोष्टी: तोंडाने म्हटलेलं बंधनकारक असतं, म्हणून आधी आकडा बोला, मग चिप्स सारा. मोठ्या चिप्स पुढे, सगळ्यांना दिसतील अशा. पत्त्यांवर काहीतरी वजन ठेवा. लास व्हेगासमध्ये हँड चालू असताना टेबलवर फक्त इंग्रजी. शेजारी सोलापूरचा भेटला म्हणून मराठीत बोललात तर ताकीद मिळते. रात्री तीनपर्यंत खेळायचं असेल तर दुपारी झोप घ्या, जड जेवण टाळा, दारू नाही. ब्रेकमध्ये हरलेल्या हँडची कहाणी सांगत बसू नका, वहीत दोन ओळी लिहा आणि चालून या.

आठवी पायरी: घर

आईबाबांच्या तोंडी जुगार हा शब्द येणार. त्याच्याशी वाद घालू नका, वही समोर ठेवा. माझ्या बाबांनी ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. तोटा लपवावासा वाटला, उधारी घ्यावीशी वाटली, हरलेलं आजच भरून काढायचं म्हणून पुन्हा एंट्री घेतली, तर हा पोकरचा प्रश्न उरलेला नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गृहकर्ज हवं असेल तर नोकरी असतानाच घ्या. अशा उत्पन्नावर बँक कर्ज देताना फार का-कू करते.

आणि राजीनाम्याच्या आधी वहीच्या शेवटच्या पानावर दोन गोष्टी लिहा: एक तारीख आणि एक रक्कम, जिथपर्यंत खेळाची पुंजी घसरू द्यायची. त्यातलं जे आधी येईल तेव्हा पूर्णवेळ खेळ थांबवायचा. पानाखाली घरातल्या एका माणसाची सही घ्या आणि पानाचा फोटो त्याच्याकडे ठेवा. माझ्या पानावर ३१ मार्च आणि सहा लाख लिहिलेलं होतं. पुंजी त्या रकमेपर्यंत घसरली नाही, तारीख आली. त्या दिवशी खेळाच्या खात्यात सात लाख चाळीस हजार होते. बाबांनी फोटो दाखवला, मी पुढच्या सोमवारी दोन ठिकाणी अर्ज पाठवले. गोव्याला आता वर्षातून दोन मालिकांना जातो. वही तीच आहे.